भाकरी किती, कोरड्यास किती

परभणीत कुणाला शुगर निघाली की घरात पहिला बदल होतो तो पिठाच्या डब्यांत. गव्हाचा डबा मागे सरतो, ज्वारीचा पुढे येतो. सल्ला द्यायला डॉक्टरच लागतो असं नाही. सोयरे देतात, शेजारी देतात, मेडिकलच्या काउंटरवर उभा असलेला अनोळखी माणूसही देतो : पोळी बंद करा, भाकरी सुरू करा. माणूस मनापासून ऐकतो. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं जातं आणि आकडा होता तिथंच असतो, कधी दोन पावलं पुढं गेलेला. ‘पोळीला हात नाही लावला हो,’ ही तक्रार मग ठरलेली. तक्रार खरी असते. पोळीला हात लागलेला नसतोच.

ज्वारीबद्दल परभणीत वाकडं बोलायचं म्हणजे धाडस आहे. 18 मे 1972 रोजी इथं कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ अशी गावाचं नाव मिरवणारी ज्वारीची वाणं इथून बाहेर पडली. पण आकडे कुणाचा मुलाहिजा ठेवत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 334 कॅलरी, 68 ग्रॅम कर्बोदकं, 10 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू आहेत. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेत 320 कॅलरी, 64 ग्रॅम कर्बोदकं, साडेदहा ग्रॅम प्रथिनं आणि 11 ग्रॅमांहून थोडे जास्त तंतू. कोंडा चाळून फेकला नाही तर दोघी सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. वेगळा पडतो तो पांढरा तांदूळ : कर्बोदकं 78 ग्रॅम, तंतू तिनाच्याही आत.

ज्वारीच्या बाजूनं बोलण्यासारखं काहीच नाही असंही नव्हे. तिच्यातलं पिष्ट काफिरिन नावाच्या चिवट प्रथिनानं वेढलेलं असतं, त्यामुळं ते पचायला वेळ लागतो. पीठ जाडसर दळलं तर आणखी वेळ. भाकरीच्या पिठात तेल जात नाही, चावायला जास्त लागतं, पोट भरल्यासारखं लवकर वाटतं. शिळ्या भाकरीतलं थोडं पिष्ट तर थंड होताना असं घट्ट होतं की ते आतड्यात नीट पचतच नाही. आजीची शिळी भाकरी आणि दही हा प्रकार म्हणून अगदीच मोडीत काढू नये. एवढं मान्य करूनही एक गोष्ट उरते. हळू चढणारी साखर चढतेच.

म्हणून कोणतं धान्य यापेक्षा किती धान्य हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

गावाकडं काठवटीत मळलेला, एका भाकरीपुरता तोडलेला उंडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहावा. पाणी वजा जाता त्यात साधारण 80 ग्रॅम पीठ निघायला हरकत नाही. हात सढळ असेल तर शंभरही. ऐंशी धरून चालू. सकाळी तीन, रात्री तीन, म्हणजे दिवसाला 480 ग्रॅम पीठ. नुसत्या भाकरीतून सोळाशे कॅलरी आणि सव्वातीनशे ग्रॅम कर्बोदकं. भात, चहा, तेल, शेंगदाण्याची चटणी यांचा हिशोब अजून सुरूच झालेला नाही.

हा आहार चुकीचा होता का? अजिबात नाही. तो एका कामाच्या मापाचा होता. मोटेवर, नांगरामागं, दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या शरीराला सहा भाकरी लागतच होत्या. पुढं ट्रॅक्टर आला, बोअरच्या मोटारीला मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर बसला, खुरप्याचं काम तणनाशकाच्या पंपानं केलं, आणि शेतापर्यंतचा दोन किलोमीटरचा रस्ता मोटारसायकलनं खाल्ला. मानवत, सेलू, गंगाखेडच्या बाजारपेठेत गादीवर बसणाऱ्याचं तर विचारूच नये. काम गेलं, भाकऱ्यांचा आकडा मात्र वडिलोपार्जित जमिनीसारखा तसाच पुढच्या पिढीकडं आला.

देशभरचं चित्र काही फार वेगळं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुमारे 40 टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर सुटलेलं आहे. आणि भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी साठ टक्क्यांहून जास्त कर्बोदकांतून येतात, असंही याच सर्वेक्षणातून पुढं आलं. दोष एकट्या जिलबीचा नाही.

पोटाचं प्रकरण जरा बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण आपल्याकडं सुटलेलं पोट ही बरं चाललं असल्याची खूण समजतात. ‘तब्येत सुधारली’ असं ज्याला म्हणतात त्याचा अर्थ पुष्कळदा पट्ट्याचं भोक बदललं एवढाच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांच्या चमूनं गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा ही गोष्ट जन्मापासूनची असल्याचं दिसलं : कमी वजनाचं, हडकुळं बाळ, पण कातडीखालची चरबी तुलनेनं टिकून. म्हणून भारतीयांसाठी निर्देशांकाची रेघ खाली ओढली आहे. 23 च्या पुढं वजन जास्त, 25 च्या पुढं लठ्ठपणा. कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80.

हे 90 आणि 80 आता गावोगावच्या आशाताईंना पाठ आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा ‘सी-बॅक’ नावाचा फॉर्म त्यांना भरायचा असतो. वय किती, तंबाखू खाता का, आईवडलांना शुगर-बीपी होतं का, आठवड्यात दीडशे मिनिटं तरी अंग हलतं का, आणि कंबर किती. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या पुढं गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. टेप गुंडाळायला लागलं की माणूस श्वास ओढून पोट आत घेतो, हे ठरलेलं. बाईच्या बाबतीत लुगड्याच्या निऱ्या आडव्या येतात. टेप पट्ट्यावर किंवा नाडीवर धरायचा नसतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचं असतं. पँटचा नंबर 34 आहे म्हणून खुशीत असलेल्या माणसाची कंबर या जागी 98 भरते, कारण पँट पोटाच्या खाली घातलेली असते.

ही पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांचं म्हणणं असं : जास्तीची कर्बोदकं यकृतात चरबी होऊन बसतात, तिथून ती स्वादुपिंडात झिरपते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. चरबी काढली तर पेशी पुन्हा जाग्या होतील का, हे पाहण्यासाठी त्यांनी आणि ग्लासगोच्या प्रा. माइक लीन यांनी ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी केली. तीन ते पाच महिने रोज सुमारे साडेआठशे कॅलरींचा पेय आहार, मग हळूहळू नेहमीचं जेवण. 2017 मध्ये निकाल आले. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात तर 86 टक्के. दोन वर्षांनी 46 चे 36 झाले. वजन परतलं तिथं आजारही परतला. या सगळ्यांना मधुमेह होऊन सहा वर्षं उलटलेली नव्हती आणि इन्सुलिनवर कुणीच नव्हतं, हेही ध्यानात ठेवावं. ‘शुगर कायमची बरी’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी ही दुसरी ओळ कधी वाचलेली दिसत नाही.

मराठवाड्याला वजनाचा विषय घराघरांत नेणारा माणूस शेजारच्या लातुरातून मिळाला. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातली कल्पना उचलली आणि आधी स्वतःवर वापरली. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मध्ये पाणी किंवा पातळ ताक, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन सुटतं, ते दिवसातून दोनदाच सुटू द्या, हा त्यामागचा विचार. गेल्या दशकाच्या शेवटी मराठी घरांत ‘दीक्षित की दिवेकर’ असा सामना रंगला होता. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खायला सांगतात, दीक्षित दोनदाच. नवरा दीक्षितवाला आणि बायको दिवेकरवाली अशी घरं होती, आणि स्वयंपाक एकाच बाईला करावा लागत होता.

या सामन्याचा निकाल लावण्यासारखा एक प्रयोग चीनमध्ये ग्वांगझूला झाला. 139 लठ्ठ माणसांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. अर्ध्यांनी त्या आठ तासांच्या चौकटीत खाल्ल्या, अर्ध्यांनी दिवसभरात केव्हाही. 2022 साली निकाल आला : पहिल्यांचं वजन 8 किलो उतरलं, दुसऱ्यांचं 6.3. संख्याशास्त्राच्या हिशोबात हा फरक धरण्यासारखा नाही. घड्याळापेक्षा ताट महत्त्वाचं ठरलं. मग दोन वेळच्या जेवणाचा इतक्यांना गुण का आला? नियम सोपा होता म्हणून. दुकानात येणारी भजी, पाहुण्याबरोबरचा चिवडा, दुपारचा सुशीला, चहातली बिस्किटं या सगळ्यांना एका वाक्यात नकार देता येऊ लागला. ‘माझं दीक्षित चालू आहे’ म्हटलं की आग्रह थांबायचा. ज्या मुलखात ‘नको’ या शब्दाला कुणी नकार मानतच नाही, तिथं ही मोठीच सोय झाली.

धोका आहे तो गोळ्यांचा. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना न सांगता एक जेवण गाळलं तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या हल्ली स्वस्त झाल्यानं पुष्कळांना चालू असतात. त्या घेत असताना कडक उपवास केला तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर फार वाढलेली नसल्यानं ते लवकर ओळखूही येत नाही. रमजानचे रोजे असोत की नवरात्राचे नऊ दिवस, गोळ्यांची वेळ आणि मात्रा आधी बदलून घ्यावी लागते.

उपवासाचा विषय निघालाच आहे, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानं केली त्याला आहारशास्त्र कळत होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. वर बटाटा. भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यातल्या त्यात बरी, तीही एक वाटी. गूळ चालतो, साखर चालत नाही, ही समजूतही अशीच; गुळाचा बहुतेक भाग साखरच आहे. आणि चहा. एका कपात दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमांच्या आसपास ठेवा म्हणते.

आता कोरड्यासाकडं येऊ, कारण खरी कमतरता तिथं आहे. मराठवाड्यात भाकरीबरोबर जे खायचं ते कोरड्यास, मग ते पिठलं असो, वरण असो की पालेभाजी. ताटात भाकरी मुख्य आणि कोरड्यास तोंडी लावण्यापुरतं, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. वजन आणि साखर दोन्ही उतरवायची तर हा क्रम उलटा करावा लागतो. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासळी, आणि उरलेल्या पावात भाकरी. प्रथिनांनी भूक मारली जाते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. (मूत्रपिंड अधू झालेल्यांनी प्रथिनांचं माप डॉक्टरांकडून घ्यावं.) यासाठी शहरातून काही मागवायची गरज नाही. मटकी, मूग, हरभरा, तूर इथलीच. हिवाळ्यात कोवळ्या करडईची भाजी मिळते. ‘परभणी कुसुम’ हे करडईचं वाण याच विद्यापीठाचं. सोयाबीननं तर जिल्ह्याचं खरीप व्यापून टाकलंय. त्यात शंभर ग्रॅममागं 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं. ते सगळं मोंढ्यात जातं, आणि त्याच पैशातून शेतकरी रेशनबाहेरचा तांदूळ आणतो. उकडून, वाळवून गव्हाबरोबर दहास एक या प्रमाणात दळून आणलेलं सोयाबीन कुणाला कळतही नाही.

भाजी, उसळ आधी आणि भाकरी शेवटी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं न्यूयॉर्कच्या एका छोट्या अभ्यासात 2015 मध्ये दिसलं. करून बघायला खर्च नाही. शतपावलीबद्दल मात्र पुरावा बळकट होत चालला आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला 41 मधुमेहींना दोन प्रकारे चालायला लावलं : दिवसात केव्हातरी सलग अर्धा तास, किंवा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. दुसऱ्या प्रकारात जेवणानंतरची साखर 12 टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. परभणीच्या मे महिन्यात पारा 44 अंशांकडं सरकतो तेव्हा सकाळी सातनंतर फिरणं अवघडच. विद्यापीठाच्या आवारातले फिरणारेही झुंजुमुंजू असतानाच उरकतात. रात्री जेवून गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं जायला मात्र ऊन आडवं येत नाही.

बायकांच्या बाबतीत एक गुंता वेगळाच. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी होते ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवर साखर किती चढली हे मोजते. लोहाच्या कमतरतेनं पंडुरोग झाला असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. अशा बाईची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. जास्त लोह आणि जस्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर काढलं आणि 2018 मध्ये ते प्रसारित झालं, त्याचा उपयोग इथं आहे, साखरेवर नव्हे.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं 2025 पासून देशात मिळू लागली आहेत. भूक मरते, वजन खरोखर उतरतं, आणि सुई सोडली की बहुतेकांचं परत येतं. ती घेणाऱ्यालाही डाळ-उसळ चुकत नाही, उलट जास्तच लागते, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

शेवटी हे सगळं येऊन थांबतं ते तव्यापुढं बसलेल्या बाईजवळ. घरात एकाला शुगर असली तरी त्याच्या एकट्यासाठी वेगळं रांधायला तिला वेळ नाही. ती स्वतः शेवटी जेवते, तोवर पातेल्यात कोरड्यास उरलेलं नसतं आणि दुरडीत भाकरी उरलेली असते; म्हणून कधी कधी तिचीच कंबर आधी वाढते. नवऱ्याला ‘आजपासून दोनच भाकऱ्या’ असं सांगितलं की तो चिडतो, पोट भरलं नाही म्हणतो आणि तासाभरानं चिवड्याचा डबा उघडतो. यावर काही घरांत बायकांनी आपला इलाज काढलाय. त्या आकड्याला हात लावत नाहीत. सकाळी तीन, रात्री तीन. फक्त उंडा तोडताना बोटं जरा आत घेतात. ऐंशीचा पन्नास ग्रॅम होतो, दिवसाला 180 ग्रॅम पीठ, म्हणजे सहाशे कॅलरी कमी. एका वाटीच्या जागी दोन वाट्या वरण येतं. भाकरी थापताना ती थोडी पातळ केली, की परातीत तिचा घेर पूर्वीएवढाच दिसतो. जेवणारा मोजतो, तीन भरतात, आणि तो हात धुवायला उठतो.